यादीत नसलेला तारा

पालेर्मोच्या वेधशाळेत रोझाल्बाचं हे सहावं कंत्राट, आणि शेवटचं. वय एक्केचाळीस. परवा, शुक्रवारी, कायमच्या जागेची मुलाखत. त्या जागेवर हक्क सांगायला तिच्यापाशी एकच गोष्ट होती.

ती अशी. आकाशात काही ठिकाणांहून प्रचंड ताकदीचे गॅमा किरण येतात. येतात हे खरं, पण नेमके कुठून, हे ते टिपणाऱ्या दुर्बिणींना सांगता येत नाही. त्यांची नजर जाड. 'या वर्तुळात कुठेतरी' एवढंच त्या सांगणार. मग बारीक नजरेच्या क्ष-किरण दुर्बिणीनं ते वर्तुळ धुंडाळायचं आणि काही चमकलं तर म्हणायचं, हाच याचा धनी. बारा वर्षं असले बेवारस किरण उराशी धरल्यावर गेल्या साली रोझाल्बाला एकाचा धनी सापडला. निबंध छापून आला. आईनं गावाची रक्षक संत सांता रोझालिया हिच्यापुढे मेणबत्ती लावली.

आज सकाळी दुसरं निरीक्षण हाती आलं. त्या जागी काहीच नव्हतं.

या खेपेला दुर्बीण चालवणाऱ्यांनी कॅमेऱ्यावर साधा उजेड अडवणारा जाड फिल्टर लावला होता. पहिल्या वेळी तिनं पातळ मागितला होता, एकही क्ष-किरण वाया जाऊ नये म्हणून. तिनं साध्या उजेडातला आकाशाचा नकाशा उघडला. ऐन त्याच जागी एक ठळक तारा बसला होता.

ती तशीच प्रोफेसर कालोजेरोंच्या खोलीत गेली. ते पावात घातलेली बेसनाची भजी खात होते.

"प्रोफेसर, तो धनी नाही. साध्या ताऱ्याचा उजेड फिल्टरमधून आत झिरपला."

"केवढा तारा?"

"सहाव्या प्रतीचा."

"अगं, तो माझी आजी गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघायची!" ते हसले, आणि मध्येच थांबले. निबंधावर त्यांचंही नाव होतं. "ताऱ्यांच्या यादीत नव्हता?"

"ती मंद ताऱ्यांची यादी. इतके ठळक तारे यादी करणाऱ्यांच्या कॅमेऱ्याला दिपवतात, म्हणून वगळलेले. मी यादी बघितली आणि दुर्बिणीच्या अर्जावर 'जवळ ठळक तारा नाही' असं लिहून मोकळी झाले."

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग गप्प बस. खोटं बोल म्हणत नाही मी. शुक्रवारी जागा घे, सोमवारी चूक कबूल कर. सही मी पण करीन."

"शुक्रवारी तोच ठिपका पडद्यावर असणार. त्याच्यावर बोट ठेवून काय सांगू?"

"बोट जरा बाजूला ठेव. समितीच्या पाचांतल्या तिघांना स्वतःचे निबंध वाचायचा कंटाळा, तुझा कोण वाचतोय!"

रोझाल्बा जागेवर परतली. त्याच मुलाखतीला आगाता येणार होती, काटानियाच्या वेधशाळेतली. अकरा वर्षांत तिला एकही धनी सापडला नव्हता. दरवर्षी ती प्रामाणिकपणे छापायची: शोधलं, नाही मिळालं. रोझाल्बाला तिची कीव यायची. आज ती कीव तिला स्वतःलाच बोचली. देवापुढे हात जोडावेत, तर मागायचं तरी काय? तारा हलव म्हणून?

दुपारी तिनं निवड समितीला आणि मासिकाला एकच पत्र धाडलं. निबंध मागे घेते, चूक माझी.

जागा तिसऱ्यालाच मिळाली, बाहेरून आलेल्या एका गृहस्थाला. आगाताला मिळाली असती, तर रोझाल्बाला टेकायला काहीतरी झालं असतं. तेही नाही. कालोजेरो जिन्यात भेटले की घड्याळ बघू लागले.

आठवड्यानं आगाताचा फोन आला.

"वेडी आहेस तू, बाई. चार दिवस कळ काढली असतीस तर?"

"नाही जमलं."

"हं. आता ते वर्तुळ कोण बघणार?"

"कोणी नाही. माझं कंत्राट महिनाअखेर संपतं."

"मग त्याच्या जागेचे आकडे सांग. माझ्या रिकाम्या वर्तुळांत घालते."

रोझाल्बानं आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून. आगातानं ते परत म्हणून दाखवले. एक चुकला होता. तेवढा रोझाल्बानं दुरुस्त केला.