तीन मुठींचा कॅन

मित्रांनो, साखरा गावात धुरपताबाईंच्या हौदाशेजारी पोचे पडलेला जुना लोखंडी कॅन दिसतो ना, तोच मी. म्हातारा झालो असलो तरी अजून थेंबभरही गळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. आम्हा हजारो भावंडांना जहाजात भरून दोस्त राष्ट्रांच्या मदतीला पाठवले. कलकत्त्याला उतरलो आणि पोटात पेट्रोल घेऊन ब्रह्मदेशाचे घाट चढलो. माझ्या डोक्यावर तीन मुठी आहेत. एकट्याने उचलायचे तर मधली धरायची, दोघांनी उचलायचे तर कडेच्या दोन. तिथल्या चिखलात एक मूठ गोऱ्या शिपायाच्या हातात असे, दुसरी आपल्या नरसिंग ड्रायव्हरच्या. त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ट्रक कधी अडला नाही. त्या दिवसांचा मला फार अभिमान आहे.

युद्ध संपल्यावर नरसिंगने मला लिलावात घेतले, गावी आणले आणि राखेने घासून पाण्याला लावले. पुढे त्याची नातसून धुरपताबाई मला वापरू लागल्या. शेजारच्या लक्ष्मीबाई दुसरी मूठ धरायला येत. मग धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, दोघींचे भांडण झाले, बोलणे तुटले आणि माझी फक्त मधली मूठ झिजू लागली. मला वाईट वाटे.

यंदा हळद शिजवायला पाणी हवे होते. लक्ष्मीबाईंची बोअर हाकेच्या अंतरावर, पण धुरपताबाईंनी हट्टाने टँकर मागवून हौद भरला. त्याच दुपारी लक्ष्मीबाईंच्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. लगतच्या गोठ्यात बैल बांधलेले. लाईट नव्हती, बोअर बंद. लक्ष्मीबाई धावत धुऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या.

धुरपताबाईंनी मला हौदात बुडवले. "काहून थांबली वं? धर ती मूठ!"

"अन् तुमची हळद?"

"हळद थांबंल. बैल थांबतेत का?"

दोघी माझ्यातले पाणी पोत्यांवर ओतत, काही गावकरी ती ओली पोती आगीवर आपटत, तर काही हौदातून बादल्या भरभरून नेत. गंजी गेली, पण बैल वाचले. हौदाचा मात्र तळ दिसला.

दुसऱ्या दिवशी लाईट आली. लक्ष्मीबाईंनी बोअरचा पाईप धुऱ्यावरून ओढत आणला आणि हौदात सोडला.

मित्रांनो, मला भंगारात घालू नका, माझ्यात अजून पुष्कळ दम आहे. फक्त उचलताना कडेची मूठ धरा. दुसरी शेजाऱ्याची आहे.