पेंडीच्या कुंड्या

मिस्त्रीच्या शेडमध्ये आता एकच काम उरलं होतं, रोपवाटिकेच्या कुंड्यांचं. तेही हातचं गेलं तर शेड रिकामी करायची, असं जागामालकानं तोंडावर सांगितलं होतं.

मातीत विरणारं प्लास्टिक नुसतं वापरलं, तर माती भरताच कुंडी पोट काढायची. म्हणून मिस्त्री मशीनमध्ये ते वितळवताना त्यात सोयाबीनच्या पेंडीतून काढलेल्या प्रथिनाचं पीठ मिसळायचा. कुंडी ताठ व्हायची, पण पीठ नीट मुरायचं नाही आणि काठ तडकायचे. पीठ तो भट्टीत कडकडीत वाळवून घ्यायचा. ओल म्हणजे या प्लास्टिकचा काळ.

"कोरड्या पिठाचा कधी गोळा होतो का हो?" बायको म्हणायची.

"तू तुझी कणीक मळ. मशीन माझ्यावर सोड."

तिनं सोडलं नाही. तो प्लास्टिकचे दाणे आणायला गेला असताना तिनं पिठावर पाण्याचा हबका मारला, दोन्ही हातांनी चोळलं आणि झाकून ठेवलं. त्या दिवशीची कुंडी चामड्यासारखी वाकली. मिस्त्री ती मुठीत दाबायचा, सोडायचा आणि पोरासारखा हसायचा.

"अगं, बघ तरी! साधली एकदाची!"

असा हसताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पाण्याचं ती बोललीच नाही. त्याची पाठ वळली की पीठ भिजवायचं, असं करत सगळी ऑर्डर निघाली.

रोपवाटिकेवाला माल न्यायला आला, तोवर कुंड्या सुकल्या होत्या. त्यानं एक काठाला धरून उचलली. काठ हातात राहिला, कुंडी खाली. दुसरीचंही तेच.

"मिस्त्री, यात रोपं लावायची की चहात बुडवून खायच्या?"

तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. मग तिनं सांगितलं. मिस्त्री ओरडेल म्हणून ती अंग चोरून उभी होती.

"तापल्या मशीनमध्ये पाणी गेलं की प्लास्टिकच आतून तुटतं गं," तो हळूच म्हणाला. "ओल होती तोवर वाकलं. वाळलं, मेलं."

"मी मेलीनंच घात केला."

"कोरडं ठेवून तरी कुठं टिकत होतं? पिठाला पाणी हवं, प्लास्टिकला नको. नांदायची कशी ती दोघं?"

त्यानं मशीनचं बटण बंद केलं. त्याआधी आतला वितळलेला माल पिळून काढावा लागतो, नाहीतर तो आत दगड होऊन बसतो. हे तिलाही ठाऊक होतं.

"अहो, आतला माल?"

"राहू दे. भंगारवाला मशीन वजनावरच घेतो."

निवत चाललेल्या लोखंडाची कुरकुर ऐकत दोघं उभी राहिली.