भोकातला मोजा

"विचार ना तिला, आजोबांना तूच मारलंस का म्हणून. घाबरलीस का गं?" मैत्रिणींनी लाम्ब्रिनीला डिवचलं.

तिने गोठ्यात येऊन मला खरंच विचारलं. मला बोलता येत नाही, म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते.

मी एक जुनी तेलाची शेगडी आहे. पोट बिडाचं, समोर काच. डोंगरातल्या या घरात मला स्तेर्गिओस मिस्त्रीने बसवलं. लाकडी भिंतीपासून हातभर लांब, खाली पत्रा, तेलाची टाकी बाहेर, धुराडं छपराच्या वर. शेवटी त्याने भिंतीला जमिनीलगत मुठीएवढं भोक पाडलं.

"मिस्त्री, घर गरम करायला आलास की गार?" थेओदोसीस आजोबा म्हणाले.

"काका, हिलाही श्वास लागतो. हे बुजवलंत, तर ही तुमचा घेईल."

तेरा हिवाळे ते उघडं राहिलं. माझ्यावर घेवड्याचं सूप रटरटायचं, शेजारी लाम्ब्रिनीचे ओले बूट वाळायचे. आजोबा काच पुसताना मला "राणी" म्हणायचे.

मग आजी गेली. तिच्यासाठी मरियामातेच्या चित्रापुढे चाळीस दिवस दिवा जळता ठेवायचा होता. भोकातल्या वाऱ्याने तो दोनदा विझला. दुसऱ्यांदा आजोबा रडले.

"लाम्ब्रिनी, माझी कंबर वाकत नाही. आजीचा हा मोजा तिथे कोंब बाळा. चाळीस दिवसच."

तिने कोंबला. दिव्याची ज्योत सरळ उभी राहिली. माझी मात्र काळवंडली, काच काजळली आणि बिनवासाचा विषारी वायू खोलीत साठू लागला. मला ओरडता आलं नाही. सतराव्या दिवशी ती शाळेतून आली, तेव्हा आजोबा खुर्चीत गार पडले होते. दिवा तेवढा जळत होता.

लोकांनी मला खुनी ठरवून इथे टाकलं. भोक कुणी वाकून पाहिलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझी बहीण असेल, तर तुम्ही पाहा.

आज मला भंगारात द्यायला तिचे आईबाबा आले. लाम्ब्रिनीने भोकातून उपसून आणलेला मोजा खिशातून काढला.

"बाबा, हिने नाही मारलं. हिच्या श्वासाचं भोक मी बुजवलं होतं."

आईने तिला जवळ ओढलं. "अगं, तुला काय कळत होतं?"

"तेच ना. दिव्याला नुसती काच लावली असती तरी चाललं असतं, आई." तिने डोळे पुसले. "मी स्तेर्गिओसकाकांकडे काम शिकणार. शाळा सुटल्यावर रोज जाईन. आणि गावात ज्या ज्या घरी चाळीस दिवसांचा दिवा लागेल, तिथलं भोक मी जाऊन बघणार."