चित्र समजलं का?

हैदराबादहून आलेल्या डॉक्टर व्यंकटरावांना वाटायचं, तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या बेल्याकडच्या मराठी बायका सुईला भितात. कापूस वेचून वेचून ज्यांची बोटं सोलवटलेली, त्या सुईला काय भिणार? त्या भीत होत्या डॉक्टरांच्या चित्रांना.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या अभ्यासाला लोक यावेत म्हणून डॉक्टरांनी आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठाली रंगीत चित्रं लावली होती. पहिल्या चित्रात पदर कपाळावर ओढलेली बाई, हातात बांगड्या. दुसऱ्यात नर्स तिच्या बोटाचं रक्त घेते, बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या. तिसऱ्यात पदर मागे सरकलेला, हात मोकळे आणि बाई हसते. कोणाच्या जातीधर्माला परकं वाटू नये म्हणून शहरातल्या चित्रकाराने कपाळावर काहीच काढलं नव्हतं. धन्य त्याची!

"रगत देल्लं, नवरा मेला, अन वरून हासून राह्यली!" गावातली भागीरथा म्हणाली. "माहा नवरा धडधाकट हाये, बाई. मले नाई याचं."

मी शाळेतली मास्तरीण, तेलुगू येतं म्हणून दुभाषी. मी हे डॉक्टरांना सांगितलं, तर ते असे हरखले, जणू रोगावर औषधच सापडलं! महिनाभरात नवी चित्रं आली, रक्त नळीतून, गाडीने शहरातल्या मशीनपर्यंत कसं जातं तेही दाखवणारी. आता बाईच्या कपाळावर भलंमोठं कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि कोणाला शंकाच राहू नये म्हणून शेजारी मिशीवाला नवरा उभा. तोही हसतोय.

आता बायका आल्या. भागीरथाही आली, बैलगाडीत पोरीला घेऊन, आणि गाडी खुद्द तिच्या नवऱ्याने, चंपतने हाकली. पोरगी चारुशीला माझ्याच वर्गातली. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकायचे, कधी कधी तर उभंही राहवत नसे. तिच्या वेदनेला काही नाव आहे का, एवढंच त्या माउलीला हवं होतं. पोरीचं रडणं ऐकून मलाही काही सुचत नसे.

डॉक्टरांनी छडी चित्रावर ठेवली. "यात काय दिसतं?"

भागीरथाने सगळं बरोबर सांगितलं. बोट, थेंब, नळी, गाडी, शहरातली मशीन. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. चारुशीलेने बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटले.

"पुढच्या बाईंना बोलवा," डॉक्टर म्हणाले.

"आणि हिचं रक्त?" मी विचारलं.

"रक्त? अहो, आमचा अभ्यास चित्रांचा आहे. लोकांना चित्रं कळतात का, ते आम्ही पाहतो. तपासणी दुसऱ्या विभागाची. तिला अजून मंजुरी नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हे मराठीत सांगायचं मलाच होतं. सांगितलं. भागीरथा भिंतीवरच्या बाईकडे बघत राहिली.

"समजलं म्हनाव त्याइले. सगळं समजलं," ती म्हणाली. "आता त्याइलेच इचारा, काऊन हासून राह्यली ते?"

मी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या बाईसाठी छडी पुन्हा चित्रावर ठेवली.

चारुशीलेचं बोट अजून तसंच पुढे होतं. डोळे मिटलेलेच. "टोचलं का, माय?" तिने विचारलं.