पाट्यावर वाटलेला समुद्र

अठ्ठ्याण्णव साली विभावरीला अबुधाबीत नऊ वर्षं झाली होती, आणि पुण्यातली भूगर्भशास्त्राची एमएस्सी ती नऊ वर्षं बॅगेच्या तळाशी पडून होती. नवरा दत्तप्रसाद बँकेत. हिचा व्हिसा त्याच्या जिवावरचा, वर शिक्का: काम करण्यास मनाई. मग अल ऐनच्या एका कॉलेजातले डॉ. नेल्सन परेरा भेटले. माणूस वसईचा, पण डोकं साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात! फुजैराच्या डोंगरातले काळे दगड त्या समुद्राच्या तळातून वर आलेले. त्यांतली द्रव्यं मोजली की दगड कुठे जन्मला ते कळतं: समुद्रतळ फाटत होता तिथे, की एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरत होता तिथे. दगडाची जन्मपत्रिकाच म्हणा ना. सरांनी सहा दगड तिच्या हवाली केले. काम चोख झालं तर सहायकाची नोकरी पक्की.

दगडांचं पीठ करायचं होतं. कॉलेजची चक्की धातूची, धातू पिठात उतरतो म्हणून बाद. अकिकाचा, म्हणजे न झिजणाऱ्या कठीण दगडाचा, खल मागवलेला, तो दोन महिने 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' येत होता. विभावरीला कुठला धीर? घरी पाटा-वरवंटा होता. सासूबाई आशाताईंनी तो सासवडहून नवी टाकी मारून, विमानाचं जादा वजन भरून पाठवलेला. धातूचा संबंधच नाही! तिने दगड हातोडीने फोडले, पाटा तीनदा धुतला आणि आठ दिवस वाटत बसली. सरांना म्हणाली, हाताने वाटलेत. खोटं नव्हतंच ते.

इंग्लंडच्या प्रयोगशाळेतून आकडे आले आणि सर खुर्चीतून उठलेच. टायटॅनियम भरमसाट! म्हणजे त्या समुद्राखाली पृथ्वीच्या पोटातून तप्त खडकाचा लोट उसळला होता, आणि हे आजवर कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पंधरा दिवसांनी मस्कतच्या परिषदेत ते सगळ्यांना सांगणार होते. नोकरीचं पत्र टाइप झालं. विभावरीचे पाय जमिनीवर ठरेनात, तिने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

आणि शुक्रवारी मिक्सर बिघडला. इडलीची चटणी पाट्यावर वाटली, ती पहिल्यांदाच. दत्तप्रसादच्या दाताखाली कचकन आलं. तो बिचारा समजुतीने म्हणाला, नव्या टाकीचा पाटा आहे, थोडा दगड उतरणारच.

विभावरीचा घास हातातच राहिला. अगं बाई! पाटा सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा, आणि त्या दगडात टायटॅनियम ठासून भरलेलं. तिने फुजैराच्या पिठात सासवड कालवलं होतं. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर मस्कतला सरांचं हसं होणार. ती न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडली. मग तोंड धुतलं, पाटा गाडीत घातला, आठ वर्षांच्या ओवीला मागे बसवलं आणि दीड तास गाडी हाणली.

सर नुकतेच चर्चमधून आलेले; तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच. तिने दारातच सगळं एका दमात सांगून टाकलं.

"सर, तो लोट समुद्राखालचा नाही. ह्या पाट्यातला आहे."

सरांनी पाट्यावर ओलं बोट घासलं, दातांत धरून पाहिलं. सह्याद्रीच्या दगडाचे आकडे त्यांना तोंडपाठ. कागद ओढला आणि दोघांनी मिळून पिठातून पाट्याचा वाटा वजा करायला घेतला. एक दगड झाला, दुसरा झाला, आणि सहाही दगड शहाण्यासारखे एकाच जागी जाऊन बसले: एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तिथे. सर हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मस्कतला मी अर्धा तास सासवडच्या चटणीवर बोललो असतो, म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. दगड नवे आणायचे, अकिकातच वाटायचे, आणि ते पत्र आता फाडायचं.

विभावरीने मान खाली घातली. नऊ वर्षांनी हाती आलेलं गेलं.

"त्यात सहायक लिहिलंय," सर म्हणाले. "प्रयोगशाळा तुम्हीच सांभाळा. व्हिसा कॉलेजचा, तुमच्या स्वतःच्या नावाचा."

परतीच्या वाटेवर अल ऐनचे ते मोठाले गोल चौक. पहिल्याच चौकाला विभावरीने तीन फेऱ्या मारल्या.

"मम्मी, वी ऑलरेडी डिड धिस वन," मागून ओवी म्हणाली.

"हो गं," विभावरी म्हणाली, आणि चौथी फेरी घेतली.