करंजाआडचा वारा

“साहेब, वारा म्हातारा होतो का हो?”

हणमंतरावांच्या प्रश्नावर साहेब खो खो हसले. “तुम्ही निवृत्तीला आलात म्हणून वाऱ्यालाही पेन्शन देताय होय?”

बासष्ट साल होतं. बंगळूरच्या त्या कचेरीत वाऱ्याचे आकडे मांडण्यात हणमंतरावांचा जन्म गेला होता. यशवंतपूरपलीकडच्या माळावरचा वारा मात्र दरवर्षी थोडा थोडा मंदावत होता. सरासरी अशीच घसरली, तर तिथल्या वस्तीच्या विहिरीवर पाणी उपसायला बसणारी पवनचक्की दुसऱ्या गावाला जाणार होती. खरं सांगायचं तर हणमंतरावांना चक्कीपेक्षा कोड्याचीच ओढ. आकडेमोडीचं यंत्र फिरवून फिरवून त्यांनी प्रत्येक दिशेचा वारा वेगळा काढला आणि खुर्चीतच ताठ झाले. पूर्वेचा वारा होता तसाच होता. मंदावला होता तो एकट्या पश्चिमेचा!

म्हातारपण असं एकाच अंगानं कसं येईल? रविवारी सायकल काढून ते माळावर पोहोचले. उंच खांबावर वारा मोजणाऱ्या वाट्या फिरत होत्या आणि पश्चिमेला, खांबाला खेटून, डेरेदार करंज उभा होता.

“हा कधीचा, अक्का?” त्यांनी खांबाशेजारीच राहून यंत्राची राखण करणाऱ्या गंगव्वाला विचारलं.

“आमच्या मालकांनी लावलेला. ते गेल्यावर मीच घागरीनं पाणी घालून वाढवला. का वो, अण्णा?”

“अहो, हाच वारा अडवतोय! याच्यापायी चक्की हातची जायची होती की!” कोडं सुटल्याच्या आनंदात ते बोलून गेले आणि शीळ घालत परतले.

करंज रोपटं होता तेव्हाचे आकडे त्यांनी कचेरीत बाहेर काढले आणि त्यांवरून नंतरच्या वर्षांचा पश्चिमेचा खरा वारा काढला. साहेबांना पटलं. चक्की विहिरीपाशी, झाडापासून चांगली लांब बसणार होती. करंजाच्या पानालाही हात लावायचं कारण नव्हतं. ही बातमी घेऊन पुढच्या रविवारी ते पुन्हा माळावर गेले.

वाट्या भन्नाट फिरत होत्या. खांबाशेजारी करंजाचा नुसता बुडखा उरला होता.

“सरी का, अण्णा? झालं न्हवं बरोबर?” डोक्यावर घागर घेऊन गंगव्वा विहिरीकडून येत होती. “आता लागतंय न्हवं वारं? वस्तीला पाणी मिळू दे. मालक असते तर त्यांनीबी हेच केलं असतं.”

स्वतःच्या उतावळ्या तोंडाची हणमंतरावांना लाज वाटली.

“लागतंय, अक्का. छान लागतंय,” ते म्हणाले. “चक्की तुमच्याच वस्तीला.”

गंगव्वानं समाधानानं मान हलवली. घरात शिरण्याआधी रोजच्या सवयीनं ती वाकली आणि घागरीतलं थोडं पाणी बुडख्याशी ओतलं.