थांबायची खूण

आमच्या ह्यांना जगातलं सगळं संगीत आवडायचं. फक्त मला आवडायचं ते सोडून.

हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे रागानेच म्हणते, पण खोटं नाही. हे मोठ्या वाद्यवृंदाचे संचालक. घरात भिंतभर कपाट आणि त्यात रेकॉर्डी. खलाशांची गाणी, उंटवाल्यांचे ढोल, चर्चमधला ऑर्गन, कुठल्याशा डोंगरातल्या बायकांचं प्रेतापुढचं रडणं. हो, रडणंसुद्धा. पाहुणे आले की हे डोळे मिटून ते रडणं ऐकवायचे आणि पाहुणे म्हणायचे, "काय हो तुमची आवड, कशाचंही वावडं नाही." मी चहा ओतत असायचे.

मला रेडिओवरची साधी गाणी आवडतात. चंद्र, खिडकी, तू येशील ना, असली. लग्नानंतर स्वयंपाक करताना मी ती म्हणायचे. आवाज बरा होता माझा. हे टेबलाशी काहीतरी लिहीत बसलेले असायचे. पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायचे. तालमीत छडीने स्टँडवर तशी टकटक केली की सगळे वादक जागच्या जागी थांबतात. ती थांबायची खूण. हे वर बघायचेसुद्धा नाहीत. मी थांबायचे. पुढे पुढे तर टकटक करायची वेळच आणली नाही मी त्यांच्यावर. लेकीनेही लहानपणीच तोंड मिटून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना झटका आला. वाचा गेली, अंग गेलं. डावा हात तेवढा मनगटापासून हलतो. कान मात्र शाबूत. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काहीतरी ऐकवत जा, मन रमेल.

मी कपाटाला कुलूप घातलं आणि उशाशी रेडिओ आणून ठेवला. पहिलंच गाणं लागलं आणि ह्यांचं बोट पलंगाच्या लाकडी कडेवर आपटायला लागलं. टक टक. जरा थांबून पुन्हा, टक टक.

दिवसाची नर्स पोरगेली आहे, मनाने चांगली. "काकू, बघा ना, काका ताल धरतायत," म्हणाली.

"हो ना. फार नाद त्यांना," मी म्हटलं. "आवाज वाढव जरा."

तिने वाढवला. बोटही जोरात आपटायला लागलं. ती बिचारी हरखून गेली. तेव्हापासून आल्या आल्या रेडिओ लावते, जाईपर्यंत बंद करत नाही. बोटाचं टोक सोलवटलं तेव्हा तिने पट्टी बांधली आणि लाडाने दटावलं, "पुरे हो काका, किती तो उत्साह." हे माझ्याकडे बघत होते. अख्ख्या संसारात इतका वेळ माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं त्यांनी. मला बरं वाटलं. कोणी काही म्हणो, बरं वाटलं.

मध्ये लेक आली. खोलीच्या दारातच उभी राहिली, दोन गाणी होईपर्यंत. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"आई, बाबा थांबवायला सांगतायत."

"माहितीये मला."

"कपाटाची किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे."

वाटलं, आता ही माझ्यावर तोंड टाकणार. तिने आपला कप विसळला, पालथा घातला. "काळजी घे," म्हणाली आणि चप्पल घातली. बाबांना येते म्हणायलाही आत गेली नाही.

काल नर्सची सुट्टी होती. रेडिओ लावायचा राहिला. ह्यांच्या पायाशी बसून मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि माझ्याच नकळत गायला लागले. चांगलं ध्रुवपद संपेपर्यंत मला पत्ताच नाही. मग बोट हललेलं दिसलं आणि मी आपोआप थांबले. इतक्या वर्षांची सवय.

पण बोट खाली आलंच नाही. हात मनगटापासून वर उचलला गेला, तळवा आभाळाकडे, आणि तसाच राहिला. मागच्या खुर्चीत बसून मी कितीतरी तालमी पाहिल्यात. एखाद्याचं वाजवणं मनापासून आवडलं तर हे असा हात धरायचे. थांबू नकोस, चालू दे. त्या हातासाठी वादक जीव टाकायचे. कितीकांना तो जन्मात मिळाला नाही.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळत होतं. हात अजून वरच.

गाण्याचं कडवं राहिलं होतं. मला ते पाठ आहे.

मी टॉवेलची घडी पुरी केली. मग वर न बघता पलंगाच्या कडेवर दोनदा टकटक केली, आणि रेडिओ लावला.